घरपट्टीच्या बिलापासून अंदाजपत्रकापर्यंत : शहरात नव्यानं घर घेतलेल्यांसाठी

मार्च उजाडला की आमच्या कॉलनीत दोन आवाज रोज येतात. एक पाण्याच्या टँकरचा, दुसरा वसुली पथकाच्या रिक्षावरल्या भोंग्याचा : "थकबाकी भरा आणि जप्तीची कटू कारवाई टाळा." गेल्या मार्चात मागच्या गल्लीत रो-हाऊस घेतलेला एक तरुण बिल हातात धरून माझ्याकडं आला. गंगाखेडकडचा, बँकेत नोकरीला.

"काका, गावाकडं वर्षाची घरपट्टी आठशे रुपये भरायचो. इथं हे एवढं कशाचं लावायलेत? अन् पाणी तर पाचव्या दिवशी यायलंय."

प्रश्न दोन्ही रास्त. फक्त त्यांची उत्तरं वेगवेगळ्या कागदांवर आहेत. पहिलं त्याच्या हातातल्या बिलावर, दुसरं महापालिकेच्या अंदाजपत्रकात. माझी हयात हिशोब लिहिण्यात गेली, त्यामुळं असले कागद वाचायची मला खोडच आहे. त्या रविवारी चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. त्या बैठकीत जे बोललो तेच इथं क्रमानं मांडतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही शहरात तुम्ही नवे असाल तर कामी येईल.

पायरी १ : तुमचं घर कुणाच्या हद्दीत?

हे विचारायची गरज काय, असं वाटेल. पण शहराच्या कडेला प्लॉट घेतलेल्या निम्म्या लोकांना याचं नेमकं उत्तर माहीत नसतं. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत महापालिका पाच : छत्रपती संभाजीनगर (१९८२), नांदेड-वाघाळा (१९९७), लातूर आणि परभणी (दोन्ही २०११) आणि सगळ्यात धाकटी जालना (२०२३). बीड, धाराशिव, हिंगोली, उदगीर, अंबाजोगाई, परळी इथं नगरपरिषदा आहेत. लहान तालुक्यांच्या गावी नगरपंचायती. संभाजीनगरात छावणीचा (लष्करी कॅन्टोन्मेंटचा) कारभार पुन्हा वेगळा.

संस्था वेगळी तसा कायदाही वेगळा. महापालिकांना १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू होतो, नगरपरिषदा-नगरपंचायतींना १९६५ चा. हरकत कुणाकडं घ्यायची, किती दिवसांत घ्यायची, हे त्यावर ठरतं. म्हणून शेजारच्या शहरातल्या मेव्हण्याचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका.

हद्दीची एक गंमत सांगतो. संभाजीनगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं वाळूजचे कारखाने येतात, आणि एवढे कारखाने असून महापालिका गरीब कशी असं विचारलं जातं. वाळूजची औद्योगिक वसाहत महापालिकेच्या हद्दीत नाहीच. शेंद्राही नाही. चिकलठाण्याची आहे. म्हणजे कामगार शहरात राहतो, रस्ता-पाणी-कचरा शहराचा वापरतो, आणि त्याच्या कारखान्याच्या इमारतीची घरपट्टी मात्र शहराच्या तिजोरीत येत नाही. उलट सातारा-देवळाईसारखे भाग आधी ग्रामपंचायत होते, मग थोडे दिवस नगरपरिषद झाले आणि मग महापालिकेत आले. तिथल्या जुन्या रहिवाशांच्या कपाटात तीन संस्थांच्या पावत्या असतात. त्या फेकू नका. आधीच्या संस्थेकडं भरलेलं नव्या बिलात थकबाकी म्हणून आलं, तर त्याच दाखवाव्या लागतात.

गावाकडून आलेल्यांसाठी थोडक्यात : ग्रामपंचायतीचा नमुना आठ जसा, तसा इथं मालमत्ता कराचा उतारा. आणि नमुना आठ जसा मालकीचा पुरावा नाही, तसा हाही नाही. मालकी बघायची ती खरेदीखत आणि सातबारा किंवा सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर. "टॅक्स लागलाय, म्हणजे घर कायदेशीर आहे" हे एजंटाचं वाक्य ऐकलं की सावध व्हा. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, वर दंडही लागू शकतो. कर भरून बांधकाम अधिकृत होत नाही.

पायरी २ : बिल उलगडून बसा

बिलावर सगळ्यात आधी मालमत्ता क्रमांक बघा, मग नाव. माझ्या शेजाऱ्याच्या बिलावर अजून जुन्या मालकाचंच नाव होतं. रजिस्ट्री झाली म्हणून कराच्या पुस्तकात नाव आपोआप बदलेल असं धरून चालू नका. खरेदीखताची प्रत लावून हस्तांतरणाचा अर्ज द्यायचा. थकबाकी असेल तर आधी ती भरा म्हणतात, आणि ती जुन्या मालकाची असली तरी मालमत्तेवर बोजा म्हणून राहते. म्हणून घर घेतानाच थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्यावा. हा दाखला, कराचा उतारा आणि हस्तांतरणाची नोंद या तिन्ही सेवा लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात, त्यांना दिवस ठरलेले आहेत.

मग खालचा तक्ता. घरपट्टी म्हणजे एकच कर, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती डझनभर करांची मोळी आहे. सामान्य कर हा तिचा बुंधा. त्यात पाणीपुरवठा लाभ कर, मलनिस्सारण कर, पथकर (टोल नव्हे, शहरातल्या रस्त्यांचा कर), अग्निशमन कर, वृक्ष कर, स्वच्छता कर, महापालिकेचा शिक्षण कर अशा फांद्या. नावं आणि टक्के शहरागणिक थोडे बदलतात.

याच तक्त्यात खाली एक-दोन ओळी अशा असतात की ज्यांचे पैसे महापालिकेचे नाहीतच. राज्याचा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. महापालिका ते फक्त गोळा करते आणि शासनाकडं भरते. रोजगार हमी कर राहत्या घराला नाही, दुकान-गोदामासारख्या बिगरनिवासी जागेला लागतो. ७२ च्या दुष्काळात आमच्या आई-वडिलांची पिढी खडी फोडायला गेली, तिथं रोजगार हमी योजनेची मुळं आहेत. आज मोंढ्यातल्या आडत दुकानाच्या बिलावर ती ओळ दिसली की मला ते आठवतं. असो.

पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी वेगळी असते, आणि लाभ कर वेगळा. तरुणानं विचारलंच : "दोनदा कसं काय?" लाभ कर हा तुमच्या भागात पाण्याची व्यवस्था केल्याबद्दल, करयोग्य मूल्याच्या टक्क्यांत. पाणीपट्टी ही तुमच्या नळाबद्दल, ठरावीक रकमेत किंवा मीटर असेल तर वापराप्रमाणं. तर्क असा आहे. पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्याला तो पटावा असा माझा आग्रह नाही.

पायरी ३ : टेप काढा

बिलातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा सगळ्यात बारीक छापलेला असतो : करयोग्य मूल्य. बाकी सगळे कर याच आकड्याचे टक्के. हा चुकला की सगळं चुकलं.

तो येतो असा. तुमचं घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, याचा अंदाज म्हणजे वार्षिक भाडेमूल्य. प्रत्यक्ष भाडं कुणी विचारत बसत नाही, भागाप्रमाणं आणि बांधकामाप्रमाणं दर चौरस मीटरला दर ठरलेले असतात. आरसीसी, लोड-बेअरिंग, पत्रा, माती असे प्रकार, आणि वापर निवासी की व्यापारी. त्या भाडेमूल्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे. उरतं ते करयोग्य मूल्य. मुंबईसारखी भांडवली मूल्यावर आकारणी करायची मुभा कायद्यात आहे, पण आपल्याकडं आकारणी मुख्यतः भाडेमूल्यावरच चालत आलेली आहे.

शेजाऱ्याच्या घराची आकारणी ७५ चौरस मीटर आरसीसी अशी होती. मी म्हटलं, चल बघून येऊ. घर ६० भरलं. उरलेले १५ चौरस मीटर कुठले, तर मागच्या बाजूला जुन्या मालकानं भांडी-धुण्यासाठी टाकलेलं पत्र्याचं शेड. चार पाइप, वर नागमोडी पत्रे, एका कोपऱ्यात गंजून पडलेलं भोक, त्याखाली बादली. कागदावर ते आरसीसी होतं. मोजणीला आलेल्या माणसानं बहुधा पुढूनच घर बघितलं असावं. सॅटेलाइट किंवा ड्रोनवरून सर्वेक्षण झालं असेल तर वरून दिसणारं प्रत्येक छप्पर मोजलं जातं. छपराखाली स्लॅब आहे की पत्रा, हे वरून कळेलच असं नाही.

फरक किती पडतो ते बघू. हिशोबाला सोपं जावं म्हणून दर मी गृहीत धरतो : आरसीसी महिन्याला २० रुपये चौरस मीटर, पत्रा ८ रुपये, आणि सगळे कर मिळून ३० टक्के.

चुकीच्या नोंदीप्रमाणं ७५ गुणिले २०, म्हणजे महिन्याला १,५००, वर्षाला १८,०००. त्यातून १० टक्के गेले, राहिले १६,२००. त्याचे ३० टक्के ४,८६० रुपये.

बरोबर नोंदीप्रमाणं घराचे १४,४०० आणि शेडचे १,४४०, मिळून १५,८४०. १० टक्के वजा जाता १४,२५६. कर ४,२७७ रुपये.

वर्षाला ५८३ रुपयांचा फरक. रक्कम लहान वाटेल. पण जुन्या मालकानं ती नऊ वर्षं भरली होती, म्हणजे पाच हजारांच्या वर, एका भोक पडलेल्या पत्र्यापायी.

दर बरोबर आहेत का हे तपासायला तुमच्या झोनचा दरतक्ता वॉर्ड किंवा झोन कार्यालयात मागा. वापराची नोंदही बघा. पुढच्या खोलीत कधीकाळी पिठाची गिरणी होती आणि आता नाही, तरी कागदावर ती फिरतच असते.

पायरी ४ : हरकत, आणि तिची पोच

पहिल्यांदा कर लावताना किंवा वाढवताना संस्थेला नोटीस द्यावी लागते. ती नोटीस म्हणजे धमकी नाही, तुम्हाला मिळालेली संधी आहे. लोक ती बिलासोबत फडताळात टाकून देतात, आणि मुदत गेल्यावर ओरडतात.

नगरपरिषदेत दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. कलम ११९ ची नोटीस येते आणि हरकतीला ३० दिवस मिळतात. सुनावणीला नगररचना खात्याचा प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी असतो. महापालिकेत नोटिशीवर जी तारीख असेल तिच्या आत लेखी तक्रार द्यायची. तिथं समाधान झालं नाही तर कलम ४०६ खाली न्यायालयात अपील आहे, पण त्याला तीन अटी : आधी आयुक्तांकडं तक्रार केलेली असावी, अपील १५ दिवसांत करावं, आणि मागणीची रक्कम भरलेली असावी. म्हणजे "केस टाकतो अन् भरतच नाही" हा मार्ग बंद आहे.

अर्ज लांबलचक नको. मालमत्ता क्रमांक, चूक काय, बरोबर काय, आणि सोबत मोजमापाचा साधा नकाशा, दोन फोटो. आम्ही शेडचा फोटो बादलीसकट काढला. आवक-जावकमध्ये अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्यायचा. "ठेवून जा, बघतो" म्हटलं तरी उभं राहायचं. माझा स्वतःचा एक अर्ज एका कार्यालयात दोनदा हरवला. तिसऱ्यांदा पोच घेतली, तेव्हा सापडला. आधीचे दोन्हीही त्याच फायलीत होते.

हरकत घेतलीय म्हणून भरणं थांबवू नका. थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. ४,८६० च्या बिलावर महिन्याला ९७ रुपये. वर्षाचे २४ टक्के झाले, पन्नास महिन्यांत शास्ती मुद्दलाएवढी. एवढं व्याज तर आमच्या गावचा सावकारही अलीकडं तोंडानं मागत नाही. अधूनमधून शास्तीमाफीची योजना निघते, लोकअदालतीत तडजोड होते, आणि मग वेळेवर भरणारा कपाळावर हात मारतो. त्याची चीड मी समजू शकतो. पण माफीच्या भरवशावर थकवणं हा जुगार आहे. शिवाय वर्षाच्या सुरुवातीलाच भरलं तर बहुतेक शहरांत सामान्य करात सूट असते, ती ठरलेली मिळकत.

पायरी ५ : आता अंदाजपत्रक, आणि त्यातली जमेची बाजू

बिल कळलं की अंदाजपत्रक अवघड जात नाही. जमेची बाजू उघडा आणि आपल्या घरपट्टीची ओळख पटवा : "मालमत्ता कर" ही एक ओळ. तिच्या आजूबाजूला बघा, म्हणजे लक्षात येईल की शहर फक्त घरपट्टीवर चालत नाही. आपल्याकडं तर मुळीच नाही.

सगळ्यात मोठी ओळ बऱ्याचदा "वस्तू व सेवा कर भरपाई अनुदान" ही असते. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय महापालिकांचं दुखणं कळत नाही. पूर्वी शहरात येणाऱ्या मालावर जकात होती. नाक्यावर ट्रक थांबायचे, पावती फाटायची, आणि महापालिकेच्या हातात रोजचा रोख पैसा यायचा. नाके गेले, पण कित्येक गावांत रिक्षावाला अजून "नाक्यावर" सोडतो. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्येच गेली आणि बदल्यात शासनाचं सहाय्यक अनुदान आलं, जे आज मुख्यतः पगारात जातं. महापालिकांत जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, म्हणजे एलबीटी. व्यापाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तोही संपला.

तेव्हा राज्यानं कायदा केला : महापालिकांचं बुडालेलं उत्पन्न २०१६-१७ हे वर्ष पाया धरून भरून देऊ, आणि दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ वाढ देऊ. दर महिन्याला ही रक्कम येते. ऐकायला छान आहे. पण पाया ज्या वर्षाचा, त्या वर्षी ज्या शहराची वसुली तोकडी होती, त्याचा पायाच तोकडा राहिला. त्यानंतर तिथं मॉल उभे राहिले, वस्ती दुप्पट झाली, तरी भरपाई ८ टक्क्यांनीच चालणार. जकातीच्या काळात शहराची बाजारपेठ वाढली की तिजोरी वाढायची. ती नाळ तुटली. पगाराची तारीख जवळ आली की आयुक्तांचे डोळे मुंबईकडं लागतात, ते याच कारणानं.

दुसरी ओळ मुद्रांक शुल्काची. शहरात खरेदीखत होतं तेव्हा मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का अधिभार स्थानिक संस्थेसाठी घेतला जातो. तो आधी शासनाकडं जातो आणि मग तिकडून परत येतो. माझ्या शेजाऱ्यानं रो-हाऊस घेताना हा टक्का भरलाच होता. म्हणजे पहिलं बिल यायच्या आधीच त्यानं महापालिकेला एकदा पैसे दिले होते, हे त्याला त्या रविवारी कळलं.

नगररचना विभागाची ओळ प्लॉटिंगच्या हवेवर चालते : विकास शुल्क, प्रीमियम, बांधकाम परवानगीची फी. बाजार तेजीत असला की ती फुगते, मंदीत कोसळते. यातच गुंठेवारी येते. शेत तोडून विकलेले प्लॉट, त्यावर विनापरवाना उभी राहिलेली घरं. २००१ च्या कायद्यानं ती नियमित करायला सुरुवात झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली. संभाजीनगरात अशा वसाहती शेकड्यानं मोजाव्या लागतात. हे शुल्क एका घराचं एकदाच येतं. ते दरवर्षीचं उत्पन्न धरून कुणी खर्च आखला, तर तिसऱ्या वर्षी ठेकेदार दारात बसतो.

व्यापारी गाळ्यांचं भाडं, जाहिरात फलक, बाजार बैठकीची पावती, परवाने या ओळी लहान आहेत. गाळ्यांचं भाडं तेवढं बघा. मुख्य बाजारपेठेतल्या गाळ्याला महापालिका किती घेते आणि तोच गाळा पोटभाड्यानं कितीला जातो, हे कुठल्याही शहरात चहाच्या टपरीवर कळतं. अंदाजपत्रकात त्यातली एकच बाजू असते.

मग पाणी. इथं जमा आणि खर्च शेजारी शेजारी ठेवून बघा. पैठणच्या नाथसागरातून संभाजीनगरला पाणी चढावर उपसून आणावं लागतं, वीजबिल थांबत नाही. २०२२ मध्ये तिथली वार्षिक पाणीपट्टी ४,०५० रुपयांवरून २,०२५ वर आली. लोकांना बरं वाटलं, मलाही वाटलं असतं. पण पंपाचं बिल निम्मं झालं नाही. ती तूट घरपट्टीतून किंवा अनुदानातून भरून निघते, म्हणजे रस्त्याच्या किंवा नालीच्या पैशातून. लातूरनं २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं पाहिलंय. पाण्याचा हिशोब नळाच्या तोटीपाशी संपत नाही, हे तिथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटी अनुदानं. केंद्राच्या वित्त आयोगाचा पैसा येतो. पंधराव्या वित्त आयोगात (२०२१ ते २६) दहा लाखांखालच्या शहरांना ४० टक्के मोकळा आणि ६० टक्के बांधील असं सूत्र होतं. बांधील म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. त्यात अट अशी की घरपट्टीचे किमान दर ठरवा आणि वसुली राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या गतीनं वाढवा. अचानक सर्वेक्षणं, ड्रोन आणि रिक्षावरचे भोंगे का वाढले, याचं एक कारण इथं आहे. तुम्ही घरपट्टी थकवली की महापालिकेचं तेवढंच बुडत नाही, दिल्लीहून येणारंही अडू शकतं.

अमृतसारख्या (शहरांच्या पाणी-मलनिस्सारणासाठीच्या केंद्राच्या) योजनांत आणखी एक मेख असते : संस्थेचा हिस्सा. केंद्र इतके टक्के, राज्य इतके, उरलेले तुम्ही घाला. संभाजीनगरची नवी पाणीयोजना १,६८० कोटींची म्हणून निघाली आणि २,७४० कोटींपर्यंत गेली. असा आकडा वाढला की हिस्साही वाढतो, आणि तो उभा करायला कर्ज काढावं लागतं. त्याचे हप्ते मग याच घरपट्टीतून.

पायरी ६ : आकडा कुठं फुगतो ते ओळखा

दरवर्षी बातमी येते : "अमुक कोटींचं शिलकी अंदाजपत्रक सादर." ती वाचून हुरळूनही जाऊ नका, चिडूही नका. अंदाजपत्रकात प्रत्येक ओळीपुढं चार रकाने असतात : मागच्या वर्षी प्रत्यक्ष आलेले, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी चौथ्या रकान्याची असते. तुम्ही पहिला वाचा. घरपट्टीपुढं चौथ्या रकान्यात दरवर्षी दुप्पट आकडा आणि पहिल्यात दरवर्षी तेवढाच, असं दिसलं की समजायचं, खर्चाच्या बाजूची निम्मी कामं कागदावरच राहणार.

एकूण रकमेत न मोजायच्या गोष्टीही असतात. आरंभीची शिल्लक म्हणजे मागच्या वर्षीचे न खर्चलेले पैसे, बऱ्याचदा एखाद्या योजनेला बांधलेले. ठेकेदारांच्या अनामत रकमा आणि शासनासाठी गोळा केलेला शिक्षण कर जमेत दिसतात, पण ते परत द्यायचे आहेत. हे सगळं वजा करून महसुली उत्पन्न काढा, आणि त्यातलं स्वतःचं किती, अनुदान किती, हे वेगळं करा. पेन्सिल आणि अर्धा तास पुरतो.

त्याच बैठकीत थकबाकीचाही आकडा शोधा. मागणी दोन भागांत असते, चालू आणि थकीत. थकीत डोंगराएवढी दिसते, पण तिच्यात शास्ती असते, दुबार नोंदी असतात, पाडलेली घरं असतात, कोर्टात अडकलेल्या रकमा असतात, आणि सरकारी कार्यालयांचीही बाकी असते. केंद्र सरकारच्या मालमत्तांना राज्यघटनेच्या कलम २८५ मुळं कर लावता येत नाही, सेवाशुल्क तेवढं मागता येतं. म्हणून "सगळी थकबाकी वसूल केली तर शहराचं सोनं होईल" असं कुणी भाषणात म्हणालं तर टाळी वाजवायच्या आधी थांबा.

सवलतींबद्दल दोन शब्द

५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला घरपट्टी माफ, हा व्हॉट्सअपवर फिरणारा संदेश मुंबई महापालिकेचा आहे, २०२२ चा. परभणीच्या घराला तो लागू नाही. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांसाठी मात्र राज्याची माफी योजना आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लावून अर्ज करावा लागतो, आपोआप मिळत नाही. पूजास्थानं आणि धर्मादाय वापराच्या जागांना सामान्य कर नसतो, पण त्याच आवारातल्या भाड्याच्या गाळ्यांना असतो.

वर्षाचं वेळापत्रक

महापालिकेत कर सहामाही असतो, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर. एप्रिल ते जून हा बहुतेक ठिकाणी सवलतीचा काळ म्हणून तेव्हाच भरून टाका. पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरावे लागतात, त्यामुळं जानेवारी-फेब्रुवारीत नगरसेवकाला गाठायचं. मार्चात गाठून उपयोग नाही, तोवर शिजलेलं असतं. मधल्या काळात नगरसेवकच नव्हते, ही वेगळी गोष्ट. संभाजीनगर महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासकच कर ठरवायचे आणि प्रशासकच मंजूर करायचे.

अंदाजपत्रकाचं पुस्तक बहुतेक महापालिकांच्या संकेतस्थळावर असतं. नसेल तर लेखा विभागात मागा. नाहीच दिलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवस.

शेजाऱ्याच्या अर्जाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. पावसाळ्यात एक कर्मचारी टेप घेऊन आला, या खेपेला मागच्या दारानं. शेडची नोंद आरसीसीऐवजी पत्रा अशी झाली, क्षेत्रफळ बरोबर झालं, जुन्या मालकाचं नाव जाऊन नवं बिल आलं. त्याच संध्याकाळी त्याचा फोन : "काका, आकडा एकदम बरोबर आलाय. पण वडिलांच्या नावाच्या जागी माझंच नाव दोनदा छापलंय. आता परत अर्ज द्यायचा का?"

म्हटलं, "द्यायचा की. अन् पोच घ्यायला विसरू नको."